प्रवासवर्णनातले हरवलेले वाळवंट

दिवाळी आली की फराळाच्या ताटामागोमाग दिवाळी अंक घरात येतात, आणि कथा-कवितांच्या जोडीला अंकात एक तरी प्रवासवर्णन असतेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. तेवढ्या काळात मराठी माणूस पुष्कळ हिंडला. पूर्वी विलायतेला जाऊन आलेला गृहस्थ गावात एखादाच असे. आता आमच्या राहात्यासारख्या तालुक्याच्या गावीही परदेश पाहून आलेली कुटुंबे आहेत. तेव्हा प्रवासवर्णनांचे पीक वाढले यात नवल नाही. पीक वाढले म्हणजे कस वाढला असे मात्र होत नाही, हे पेरूच्या बागा पाहणाऱ्या आमच्या गावाला कुणी सांगायला नको.

गेल्या काही वर्षांत या पिकात एक नवा वाण आला आहे. सहल कंपनीबरोबर जाणारे काका-काकू मागे पडले आणि पाठीवर पिशवी टाकून एकटादुकटा हिंडणारा तरुण, क्वचित तरुणीही, पुढे आली. स्वस्तातली खाट शोधायची, लोकांबरोबर बसने किंवा मेट्रोने हिंडायचे, मिळेल ते खायचे, असा हा प्रवास. मला त्याचे मनापासून कौतुक आहे. परंतु मी या मंडळींचे लेख वाचतो तेव्हा एक गोष्ट खटकते. प्रवासाची तऱ्हा बदलली, लेखनाची बदलली नाही. काकांनी जे पाहिले तेच पुतण्या पाहतो. काकांनी वातानुकूलित मोटारीतून पाहिले, पुतण्या घामेजून पाहतो, एवढाच फरक.

उदाहरणासाठी दुबई घेऊ. मुंबईहून विमानाने तीन तासांचा पल्ला, आणि एकाच फेरीत नवे शहर, समुद्रकिनारा व वाळवंट या तिन्ही गोष्टी पदरात पडतात. लेखाचा साचाही ठरून गेला आहे. पहिला भाग शहराचा: ८२८ मीटर उंचीचा, २०१० साली खुला झालेला बुर्ज खलिफा. दुसरा किनाऱ्याचा: निळे पाणी आणि सूर्यास्त. तिसरा वाळवंटाचा: गाडीच्या चाकांतली हवा कमी करून वाळूच्या टेकड्यांवर घेतलेले हेलकावे, मग तंबू, नाच आणि निखाऱ्यांवर भाजलेले जेवण. शेवटी परतीचे विमान आणि घरच्या वरणभाताची आठवण. कोणा एका लेखकावर माझा रोख नाही. माणसे चांगली आहेत, साचा वाईट आहे.

शहर, किनारा आणि वाळवंट या तीन स्थळांबरोबर लेखकाच्या तीन परीक्षाही होतात, असे मला वाटते. शहरात त्याची निवड पारखली जाते, कारण तिथे पाहण्याजोगे फार असते. किनाऱ्यावर संयम पारखला जातो, कारण विशेषणे आपोआप सुचतात. वाळवंटात खुद्द नजरच पारखली जाते, कारण वरवर पाहता तिथे काहीच नसते.

प्रथम शहर. दुबईची उंची सगळे सांगतात, वय फार थोडे सांगतात. तिथे तेल सापडले १९६६ साली. त्याआधी खाडीच्या तोंडाशी वसलेले ते व्यापाऱ्यांचे बंदर होते, आणि त्या बंदरात आपला रुपया चालत असे! १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटाच काढल्या होत्या. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तिथल्या व्यवहारातून रुपया उठला. ज्या गावात आपल्या आजोबांचा रुपया खणखणत होता, तिथे नातू दिरहमाचा भाव मोजत उभा राहतो, ही गोष्ट बुर्जाच्या उंचीपेक्षा मला अधिक विलक्षण वाटते. खाडीकाठच्या अल फहिदी या जुन्या मोहल्ल्यात इराणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेली घरे आहेत. भिंती समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाच्या, आणि छपरावर वारा पकडून खाली खोलीत सोडणारे चौकोनी मनोरे. विजेशिवाय त्या उन्हाळ्यात माणूस कसा जगला, याचे उत्तर त्या मनोऱ्यात आहे. हे पाहायला पिशवीवाल्या प्रवाशाला पैसे पडत नाहीत. पाय मात्र झिजवावे लागतात.

इथे मला वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची आठवण येते. पाठीवर बोचके टाकून परमुलखात निघालेल्या माणसाचे मराठीत याहून सरस पुस्तक मला ठाऊक नाही. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असे ऐकून कर्ज फेडण्यासाठी हा भिक्षुक चुलत्यांबरोबर १८५७ साली कोकणातून निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. पुढे १८८३ साली त्याने ही हकीकत लिहून काढली, आणि चिंतामणराव वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापली. या पुस्तकातले शहर कसे आहे पाहा. वाडे आणि देवळे आहेत, पण त्याहून अधिक आहे ते धान्य, पाणी, लपायची जागा, आणि कोणी दार उघडले व कोणी लोटले याचा हिशेब. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली राणी तहानलेली आहे, आणि पाणी काढून देऊ पाहणाऱ्या या ब्राह्मणाला थांबवून ती स्वतः पाणी शेंदते. इतिहासाच्या जाड ग्रंथांना न साधलेले चित्र एका दमलेल्या पायी प्रवाशाला साधले, कारण त्या घटकेला त्यालाही पाण्याचे मोल कळत होते.

गोडसेभटजींचा मोठा गुण असा की ते पैशाविषयी लाजत नाहीत. कर्ज किती, दक्षिणा किती, लुटारूंनी काय नेले, सारे उघडे. आजचा प्रवासलेखक खर्च सांगतो तो पुढच्या प्रवाशाच्या सोयीसाठी. भटजी सांगतात तो त्यांच्या जिवाचा भाग म्हणून. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील १८८९ सालचे पुस्तकही याच जातीचे. त्यांनी तिथली लोकस्थिती पाहिली. स्त्रिया काय शिकतात, संस्था कशा चालतात हे नोंदले, आणि त्या देशाचे गुण गाताना तिथल्या गुलामगिरीचा व मूळ रहिवाशांवरच्या अन्यायाचा डागही झाकला नाही. पुढे १९६० साली पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ आले आणि मराठी घर हसत हसत विलायतेला गेले. ते हसू लेखकाने आधी स्वतःवर ओढवून घेतलेले होते. मागून आलेल्यांनी विनोद उचलला आणि स्वतःला त्यातून वगळले, हे आपले दुर्दैव.

आता किनारा. सूर्यास्ताबद्दल माझी तक्रार नाही. तो सर्वत्र बरा दिसतो. परंतु दुबईच्या समुद्राला एक जुना व्यवसाय होता, मोत्यांचा. उन्हाळ्याचे चार महिने गलबते समुद्रात असत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जाई, आणि वर दोरी धरून बसलेला सोबती त्याला ओढून काढी. सोबती चुकला की संपले. ही मोती विकली जात मुख्यतः आपल्या मुंबईच्या बाजारात. गलबताच्या म्होरक्याला तिकडे नाखुदा म्हणत. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच, शब्द समुद्रावरून आला आणि अंगणात रुजला. पाणबुडे बहुधा या नाखुदांच्या कर्जात असत. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत आणि जपानी कृत्रिम मोत्यांच्या स्पर्धेत हा धंदा बुडाला. हे एवढे ठाऊक असलेला माणूस त्या वाळूवर बसला, तर त्याच्या सूर्यास्तालाही वजन येईल. नाही तर ते नुसते रंगीत चित्र.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी रजेवर आला होता. दुबईत तो वातानुकूलनाच्या नळ्या बसवण्याचे काम करतो. जाताना एका दलालाला देण्यासाठी घरच्यांनी कर्ज काढले होते, ते फिटायला दोन वर्षे लागली. मी कौतुकाने त्याच्या हाती दुबईवरचा एक लेख ठेवला. त्याने तो सावकाश, बोट ठेवून वाचला.

“चांगलं लिव्हलंय, गुरुजी,” तो म्हणाला. “पण ह्यातलं दुबई मी नाही बघितलं.”

“अरे, तू सहा वर्षं तिथंच आहेस ना?”

“हां. पण तिथं वाळवंटात ह्यांनी जेवण केलं म्हणतात, ते वाढत कोण व्हतं? त्यो कुठला व्हता? ते काय लिव्हलं नाही.”

समीक्षेची पुष्कळ पुस्तके मी वाचली नाहीत. माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. पण प्रवासवर्णनाला इतका नेमका प्रश्न विचारलेला मी अन्यत्र पाहिला नाही. त्याने मग आपले दुबई सांगितले. कामगारांच्या राहण्याच्या भागाला तिथे सोनापूर म्हणतात. मुंबईच्या जुन्या माणसाला सोनापूर म्हटले की मरीन लाइन्सची स्मशानभूमी आठवते. तिकडच्या हिंदी बोलणाऱ्याला त्याच नावात सोन्याचे गाव दिसते. उन्हाळ्यात १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला तिथल्या कायद्याने बंदी आहे, त्या अडीच तासांत सावली शोधून माणसे कशी आडवी होतात, हे त्याने सांगितले. सुटीच्या दिवशी तो आब्रा नावाच्या लाकडी होडीतून खाडीच्या या काठावरून त्या काठावर जातो, काही विकत न घेता. “वारा लागतो, गुरुजी. गोदावरीला पूल नव्हता तवा आजा अशाच होडीत बसायचा म्हणं.” खाडीवरच्या होडीत त्याने आपल्या आजोबांना बसवले. उपमा म्हणतात ती हीच, आणि ती त्याला शाळेत शिकवावी लागली नव्हती.

कुणी म्हणेल, मास्तर, चार दिवस मौजेसाठी गेलेल्या माणसाने मजुरांची गाऱ्हाणी का लिहावीत? दिवाळीचा अंक आहे, घरातली लहानथोर सारी वाचणार. आक्षेप रास्त आहे. गाऱ्हाणी लिहाच असे माझे म्हणणेही नाही. माझा विद्यार्थी गाऱ्हाणे सांगत नव्हता. त्या पगारावर त्याने बहिणीचे लग्न केले, घराला स्लॅब टाकला, आणि त्या शहराचा त्याला अभिमान आहे. त्याचे मागणे एवढेच होते की वाढणाऱ्याला चेहरा असावा. मौज त्याने कमी होत नाही. पिशवी घेऊन स्वस्तात हिंडणाऱ्याला तर असे चेहरे पावलोपावली भेटतात. तो त्यांच्याच बसमध्ये बसतो, त्यांच्याच खाणावळीत जेवतो, आणि लेख लिहिताना नेमके त्यांनाच गाळतो.

आता शेवटची परीक्षा, वाळवंटाची. ‘चोहीकडे वाळूच वाळू’ या वाक्याने बहुतेक लेख ती सुरू करतात आणि तिथेच नापास होतात. त्या वाळूत एक झाड उभे असते. तिकडे त्याला घाफ म्हणतात आणि संयुक्त अरब अमिरातींचे ते राष्ट्रीय झाड आहे. राजस्थानात त्याला खेजडी म्हणतात. आपण काय म्हणतो? शमी! दसऱ्याला जिची पूजा होते, अज्ञातवासात जिच्यावर पांडवांनी शस्त्रे दडवली, ती शमी. मुळे फार खोल जातात, म्हणून पाऊस नसताना ती हिरवी राहते. उंटाला पाला देते, माणसाला सावली. आपल्या पुराणातले झाड परक्या वाळवंटात उभे आहे, आणि आपला प्रवासी तिच्याशेजारून गाडीचे हेलकावे मोजत जातो. एकाही दुबईवर्णनात मला ही शमी अजून भेटलेली नाही.

आम्हा नगरी लोकांना तरी ती दिसायला हवी. कालव्याचे पाणी येण्यापूर्वीचा इथला कोरडा मुलूख आमच्या वाडवडिलांनी पाहिला, आणि कालव्याच्या टापूबाहेर जिल्ह्याच्या कित्येक गावांत आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’मध्ये अशाच कोरड्या मुलखातून माणसे उभी केली. रखरखीत भूमीकडे पाहण्याची नजर मराठीत आहे. फक्त विमानात बसताना आपण ती घरी ठेवून जातो, आणि परक्याच्या वाळवंटात आपल्याला ‘काहीच नाही’ असे दिसते.

प्रवासवर्णन चांगले की वाईट हे ठरवायला मी अलीकडे तीन साधे प्रश्न विचारतो. एक, लेखक कुणाच्या पैशाने, कशासाठी निघाला हे कळते का? दोन, त्याला खायला कुणी घातले, वाट कुणी दाखवली, त्यांची ओळख होते का? तीन, जिथे काही नाही असे सगळे म्हणतात, तिथे त्याला काही दिसले का? गोडसेभटजी या तिन्हींत पहिल्या वर्गात पास होतात. परतताना त्यांच्याजवळ धन उरले नव्हते. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून पायी घरी आणली. एवढ्या वाटेवर जे ओझे सांभाळले, त्याने त्यांचे पुस्तकही भारी केले.

आज शिर्डीजवळ काकडीला विमानतळ आहे, २०१७ पासून. माझ्या वर्गातली मुले मैदानावर खेळता खेळता मान वर करून विमान पाहतात. त्यांतली काही त्या खाडीकाठी जातीलच, कुणी पिशवी घेऊन हिंडायला, कुणी नळ्या बसवायला. दोघांनीही लिहावे. एकाला वेळ असेल, दुसऱ्याला माहिती असेल, आणि मराठीला या दोघांच्याही लेखनाची गरज आहे. पहिल्याने दुसऱ्याला नाव-गाव विचारून सुरुवात केली, तर येत्या एखाद्या दिवाळीत मला खरोखर वाचावासा वाटेल असा लेख हाती पडेल.