‘ओयदिपौस’मधला ‘पौस’ आणि आमचा परत आलेला लेख

मंडळी, सुरुवात एका परत आलेल्या लेखापासून करू. लेख आमचाच. विषय होता पु. ल. देशपांडे यांचं ‘राजा ओयदिपौस’, आणि पाठवला होता एका इंग्रजी नियतकालिकाकडे. ग्रीक-रोमन वारशाचं आधुनिक काळात कुठे काय झालं, याचा अभ्यास ते छापतं. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. निदान सगळी नव्हती.

या क्षेत्राला इंग्रजीत ‘क्लासिकल रिसेप्शन’ म्हणतात. मराठीत ‘ग्रहण’ म्हणावं तर ऐकणारा वेध कधी लागतात ते विचारायचा! म्हणून आपण ‘स्वीकार’ म्हणू. क्षेत्र तसं तरुण आहे. चार्ल्स मार्टिनडेल यांचं ‘रिडीमिंग द टेक्स्ट’ आलं १९९३ साली, आणि ऑक्सफर्डच्या प्रकाशनसंस्थेचं ‘क्लासिकल रिसेप्शन्स जर्नल’ सुरू झालं २००९ मध्ये. यांचा आग्रह असा की, सोफोक्लीसकडून पुढच्यांनी काय घेतलं एवढ्यावर थांबू नका. पुढच्यांना वाचल्यावर सोफोक्लीस वेगळा दिसू लागतो का, तेही बघा.

आमच्या लेखात नेमकं हेच नव्हतं. मूळ नाटकाचं कथानक, मराठी नाटकाचं कथानक, साम्यं, भेद, समारोप. एम. ए.ला असताना शिकलो तो साचा. आपल्याकडचे बहुतेक तौलनिक लेख असेच असतात, आणि आपण एकमेकांचे छापतोही. परीक्षकाला आमचं नाव ठाऊक नव्हतं, आम्हाला त्याचं नव्हतं. त्यानं विचारलं, यातून ग्रीक नाटकाविषयी आम्हाला नवीन काय कळलं? राग आला, खरं सांगतो. चार दिवसांनी नाटक पुन्हा उघडलं, आणि पहिल्यांदाच शीर्षकाकडे नीट पाहिलं.

आपण एरवी ‘ईडिपस’ म्हणतो. ते इंग्रजांचं. पुलंनी ते टाळलं आणि ग्रीक नावाच्या जवळ जायचं ठरवलं. पण ग्रीक उच्चार ‘ओइदिपूस’च्या आसपासचा आहे. मग ‘पौस’ कुठून आलं? आमचा तर्क असा : ग्रीक नाव रोमन लिपीत लिहिताना शेवटी ‘ओ’ आणि ‘यू’ ही दोन अक्षरं येतात. ग्रीकमध्ये त्या जोडीचा उच्चार ‘ऊ’. अक्षरागणिक वाचली, की ‘औ’. म्हणजे इंग्रजीला वळसा घालून ग्रीककडे निघालेला शब्दसुद्धा रोमन लिपीच्या फाटकातूनच गेला. आणि गंमत बघा, त्या ‘पूस’चा अर्थ पाय. सुजलेल्या पायाचा म्हणून ओइदिपूस. तो ग्रीक शब्द, संस्कृत ‘पाद’ आणि आपला ‘पाय’ ही एकाच घराण्यातली भावंडं. भावंडाची ओळख करून द्यायलाही मध्ये इंग्रज लागला.

तो का लागला, हे फार लांबवत नाही. १८५५ साली आयसीएसची स्पर्धा परीक्षा सुरू झाली, तेव्हा ग्रीकला ७५० गुण होते, लॅटिनला ७५०, आणि संस्कृतला ३७५. ग्रीक आपल्याकडे आलं ते असा भाव ठरवूनच.

पण खरा ऐवज नाटकात नाही, परिभाषेत आहे. विंदा करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचं ‘काव्यशास्त्र’ मराठीत आणलं, त्यावर आपल्याकडे वाद झाले, वर्गांतून नोट्स निघाल्या. ‘कॅथार्सिस’ला आपण ‘विरेचन’ म्हणू लागलो. विरेचन म्हणजे काय? पंचकर्मातलं. एरंडेल! १८५७ मध्ये याकोब बेर्नाइस यांनी जर्मनीत मांडलं की कॅथार्सिस ही नैतिक शुद्धी नव्हे, ती वैद्यकातली कल्पना आहे. त्यावर युरोपात आजही एकमत नाही. आपण मात्र एका शब्दात बेर्नाइसच्या बाजूनं मत देऊन मोकळे झालो, आणि मत दिलंय हे आपल्याला कळलंही नाही.

दुसरी जोडी याहून चांगली. ‘शोकांतिका’ की ‘शोकात्मिका’? हा वाद आपण शब्दांचा कीस म्हणून सोडून देतो. अ‍ॅरिस्टॉटल तेराव्या प्रकरणात म्हणतो की शेवट दुःखाचा हवा. चौदाव्यात म्हणतो, ओळख वेळेवर पटून घात टळला तर ते सर्वांत उत्तम. उदाहरण देतो इफिगेनियाचं, बहीण भावाला ओळखते आणि भाऊ वाचतो. ही विसंगती सोडवताना ग्रीकचे पंडित दमले. मराठीत एक शब्द तेराव्या प्रकरणाचा आहे, दुसरा चौदाव्याचा. हे परीक्षकाला नवीन नाही का? आहे. फक्त आम्ही ते लिहिलं नव्हतं.

आता त्यांच्या बाजूची तक्रार. अशा लेखात सोफोक्लीसला परिचय लागत नाही, पुलंना लागतो. मग ‘लोकप्रिय मराठी विनोदकार’ अशी ओळ घालावी लागते, आणि ती वाचून कोणी गंभीरपणे पुढे जात नाही. विरेचन समजावायचं तर अर्धं आयुर्वेद सांगा. ठरलेल्या शब्दमर्यादेत हा खर्च ज्याचा त्यानं सोसायचा, आणि तो नेहमी आपल्याच वाट्याला येतो. शिवाय लेख छापून आलाच तर महागड्या वर्गणीच्या कुलपात. ‘शोकात्मिका’वर भांडलेल्या आमच्या पिढीतल्या निवृत्त मास्तरांना तो वाचायला कुठून मिळणार? म्हणून तो मराठीतही लिहायचा, बरं का, आणि इथं पुलंचा परिचय द्यायचा नाही. इथं बेर्नाइसचा द्यायचा.

लेख गेल्या महिन्यात नव्यानं पाठवलाय. आता तो विरेचनापासून सुरू होतो, कथानकं काढून टाकली आहेत. ‘पौस’वरची टीप मात्र परीक्षकानं काढायला सांगितली तरी आम्ही काढणार नाही.