वेश आणि खूण : व्हिडिओ गेममधला बदलता चेहरा

(नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून मागच्या रांगेत काही जण हसले, ते मला इथून दिसलं. व्हिडिओ गेम हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण मला वाटतं, मंडईच्या रात्री थंडीत उभं राहून दंडार आणि खडी गंमत बघणाऱ्या माणसांना हा विषय इतरांपेक्षा लवकर कळेल. कारण मुळात हा सोंगाचा विषय आहे. माणूस दुसऱ्याचं रूप घेतो तेव्हा काय करतो, आणि घेतलेलं रूप मध्येच बदललं तर नेमकं काय बदलतं, एवढंच आज बोलायचं आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ. सुरुवातीला एक पडदा येतो. त्यावर तुमचा माणूस तुम्हीच घडवायचा. बाई की पुरुष, रंग कोणता, नाक केवढं, गालावर व्रण हवा की नको, सगळं ठरवायचं. मग त्या माणसाला घेऊन पन्नास तास, शंभर तास गोष्टीत फिरायचं. आता वीस तासांनंतर वाटलं, की हे नाक काही बरोबर जमलं नाही, तर काय करायचं?

प्रश्न पोरकट वाटतो. पण मोठमोठे खेळ बनवणारे लोक इथं अडखळले आहेत. ‘बाल्डर्स गेट ३’ हा ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला खेळ घ्या. त्यात तुमच्या तळावर एक सांगाड्यासारखा म्हातारा असतो. त्याला शंभर सोन्याची नाणी दिली की तुमचा योद्धा जादूगार होतो. माणसाचा अख्खा धंदा, आयुष्यभराची विद्या, सगळं पालटतं. पण केस कापायचे म्हटले, तर सोय नव्हती. खेळणाऱ्यांनी मागणी लावून धरली, आणि सप्टेंबरमध्ये खेळात एक जादूचा आरसा आला. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये आला. त्याची दुनिया अशी, की माणसं हात काढून लोखंडी हात बसवून घेतात. त्या दुनियेत आरशासमोर उभं राहून केस बदलायची सोय फेब्रुवारी २०२२ मध्ये आली!

असं का झालं असेल? मला दिसतं ते असं. बनवणाऱ्यांनी चेहऱ्याला जन्माच्या दाखल्यासारखं धरलं. एकदा नोंद झाली की झाली. खेळणाऱ्यांनी चेहऱ्याला कपड्यासारखं धरलं. माझा आहे, मी बदलीन. दोघंही अर्धे बरोबर आहेत. कारण ‘रूप’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी भरलेल्या असतात. एकीला मी वेश म्हणतो आणि दुसरीला खूण. आज माझं म्हणणं एवढंच आहे, की या दोन्ही गोष्टींचा घोटाळा केला की खेळ फसतो.

वेश म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. दंडारीत, खडी गंमतीत बाईची भूमिका पुरुष करत आले. ढोलकी, तुणतुणं सुरू होतं, लुगडं नेसलेला गडी पुढं येतो, पदर सावरतो. समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की हा आपल्याच गावातला अमक्याचा पोरगा, सकाळी धानाच्या बांधीत होता. आणि तरीही तो त्या घटकेला राणी असतो. दोन्ही गोष्टी प्रेक्षक एकाच वेळी मनात धरतो. आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर सुमारे ८०० भूमिका सांगितल्या जातात. आठशे वेळा रूप बदललं, आणि दर वेळी कुणीतरी समोर बसून ते बदललेलं पाहिलं. वेश बदलायला सोपा असतो, पण तो पूर्ण होतो तो पाहणाऱ्यामुळं.

आता गेमकडे या. ‘स्कायरिम’ २०११ साली आला. पुढच्या वर्षी त्याला जोड म्हणून आलेल्या ‘डॉनगार्ड’ या भागात तळघरातल्या गुत्त्यात चेहरा घडवणारी एक बाई आली. हजार नाणी द्या, नवा चेहरा घ्या. वंश मात्र बदलत नाही. खेळाच्या दुनियेत बसणारी सोय आहे, कल्पना चांगली आहे. पण तुमच्यावर गुन्ह्याची नोंद असेल, तर नवा चेहरा घेऊन बाहेर पडल्यावरही शिपाई तुम्हाला तस्साच ओळखतो. म्हणजे बदललं काय? चेहरा बदलला तो फक्त खेळणाऱ्यासाठी. गोष्टीतल्या एकाही माणसानं तो पाहिला नाही. बाल्डर्स गेटमधले सोबतीही तसेच. एरवी ते प्रत्येक बारीकसारीक गोष्टीवर टोमणा मारतात. पण तुम्ही काल काळेभोर केस घेऊन झोपलात आणि आज पांढरे घेऊन उठलात, तरी एक शब्द नाही. हे सोंग आहे, पण समोर बसायला गाव नाही.

पाहणारे असले की काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. २००४ साली आलेला ‘जीटीए सॅन अँड्रियास’ आपल्याकडच्या सायबर कॅफेत पिढीनं खेळला. तो अस्सल आरपीजी नव्हे, पण त्यातला सीजे बर्गर खाऊन खाऊन जाडा होतो, व्यायामशाळेत जाऊन पैलवान होतो, आणि रस्त्यावरची माणसं त्याच्या पोटावर, केसांवर, कपड्यांवर बोलतात. त्याच साली आलेल्या ‘फेबल’मध्ये पापं केली की नायकाच्या डोक्यावर शिंगं येतात, भोवती माश्या घोंघावतात. पुण्य केलं तर डोक्याभोवती वलय. लोक एकाला पाहून पळतात, दुसऱ्याचा जयजयकार करतात. आणि २०१५ च्या ‘विचर ३’मध्ये गेराल्टची दाढी दिवसागणिक वाढत जाते. न्हाव्याकडं गेलात की पुन्हा गुळगुळीत.

या तिन्हींत मी खूण म्हणतो ती गोष्ट आहे. खूण म्हणजे जगल्यामुळं अंगावर आलेलं रूप. आपल्या भागात म्हाताऱ्या बायांच्या हातावर, कपाळावर गोंदण बघा. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत जातं, असं त्या सांगतात. बैलाच्या शिंगाचा व्रण, कोयत्याचा घाव, खाणीत काम करून राठ झालेला तळवा, या गोष्टी कुणी पट्टी सरकवून निवडलेल्या नसतात. आता गेमच्या त्या पहिल्या पडद्यावर जा. व्रण आणि केसांचा रंग एकाच यादीत मिळतात. व्रण आहे, पण तो कुठल्या लढाईत मिळाला हे कुणालाच ठाऊक नाही. आणि पुढं शंभर लढाया झाल्या तरी त्या चेहऱ्यावर एक ओरखडा येत नाही. मला हा या खेळांचा सर्वांत मोठा दोष वाटतो. कपड्यासारखं हवं ते त्यांनी दगडासारखं पक्कं केलं, आणि आयुष्यानं कोरायचं ते बाजारात मांडलं.

फेबलनं खूण दिली, पण एक सोपी चूक केली. पाप्याला शिंगं. सोंगातल्या राक्षसाला शिंगं शोभतात, कारण तो सोंगातलाच असतो. खऱ्या गावातला सावकार काही शिंगं लावून फिरत नव्हता. कुरूप म्हणजे वाईट, हा धडा गेमनं शिकवू नये, तो समाज आधीच फार शिकवतो. त्यापेक्षा विचरची दाढी मला मोठी वाटते. ती न्यायनिवाडा करत नाही. दिवस गेले, एवढंच सांगते.

पण थांबा. पाहणारे असले की सगळं चांगलं होतं, असं मी म्हणत नाही. इथं आपल्याच रंगभूमीकडं बघावं लागतं. गणपत पाटील हे मराठी तमाशापटांतल्या नाच्याच्या भूमिकेसाठी ओळखले गेलेले नट. पडद्यावरची ती लकब लोकांनी त्यांच्या खऱ्या आयुष्याला चिकटवली, आणि त्याचा त्रास त्यांना आणि त्यांच्या घराला झाला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ हा सिनेमा २०१० च्या पहिल्या दिवशी आला. त्यात पिळदार अंगाचा गुणा फड उभा करायला नाच्या मिळत नाही म्हणून स्वतः नाच्या होतो. पुढं समाज त्याला तो वेश उतरवू देत नाही. म्हणजे समाजानं काय केलं? वेशाची खूण केली. रंग पुसला तरी डाग ठेवला. ज्यांनी आपल्याला रात्रभर हसवलं, त्यांच्याशी आपण असे वागलो आहोत, हे या मांडवात बसून म्हणायला हरकत नसावी.

हे आठवलं की तो एकांतातला जादूचा आरसा मला एकदम वेगळा दिसतो. एखाद्या गावात एखादा मुलगा असेल, ज्याला बाईचा चेहरा घेऊन चालून बघायचं आहे. एखादी मुलगी असेल, जिला एकदा दाढी लावून बघायची आहे. चौकात हे करता येत नाही. खेळात येतं, आणि नको वाटलं तर परतही येता येतं. कुणी पाहत नाही, ही तिथं उणीव नाही, आसरा आहे. म्हणून मी म्हणतो, वेश बदलायला पूर्ण मोकळीक हवी. कितीही वेळा, विनाकारण, विनाशिक्षा.

आणि विनामोबदला. आता मुद्द्याचं बोलतो. आपल्या पोट्ट्यांच्या हातात बाल्डर्स गेट नाही, त्याला भारी कॉम्प्युटर लागतो. त्यांच्या हातात फोन आहे आणि फोनवर बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स आहे. हे आरपीजी नव्हेत, पण रूपाचा बाजार तिथं सर्वांत मोठा आहे. खेळ फुकट, रूप विकत. डायमंड घ्या, बंडल घ्या, स्किन घ्या. फुकटातल्या साध्या कपड्यात उतरलेल्या पोराला ‘नूब’ म्हणतात. म्हणजे बघा, इथं पाहणारे आहेत, भरपूर आहेत. पण ते काय पाहतात? खिसा. दंडारीत आईचं जुनं लुगडं नेसून राणी होता येत होतं. फोनवर राणी व्हायला रिचार्ज मारावा लागतो.

हे लोण मोठ्या खेळांतही शिरलं आहे. मार्च २०२४ मध्ये ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ आला. पूर्ण किंमत मोजून घेतलेला खेळ. चेहरा बदलून देणारी वस्तू खेळातल्या खेळात मिळत होती, पण तीच वेगळे पैसे घेऊन विकायलाही ठेवली होती. लोक भडकले. काही समीक्षक म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवर काय चिडायचं. मला तो राग बरोबर वाटतो. तलवार विकली तर खेळ थोडा सोपा होतो, बस. चेहरा विकायला काढला, की ‘आपण कोण’ हे बदलून बघण्याला दर लागतो. सोंगाला तिकीट असावं, बघणाऱ्यानं द्यावं. सोंग घेणाऱ्याकडून घेऊ नये.

तर माझी कसोटी अशी आहे. नवा आरपीजी हाती आला की तीन गोष्टी बघायच्या. वेश मोकळेपणानं आणि फुकट बदलता येतो का? जगल्याची खूण चेहऱ्यावर उमटते का? आणि गोष्टीतली माणसं ती खूण पाहतात का? तिन्हींना ‘हो’ म्हणेल असा खेळ मी अजून पाहिलेला नाही. दोन जमली तरी मी त्याला चांगला म्हणतो.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेले दोन प्रश्न)

प्रश्न : मग प्रत्येक खेळात चेहरा बदलता आलाच पाहिजे का?

नाही, नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला. त्यात राजी नावाची मुलगी आपल्या भावाला, गोलूला, शोधते. तिचा चेहरा बदलता येत नाही आणि येऊही नये, कारण ती गोष्ट तिची आहे, आपण फक्त तिच्यासोबत चालतो. ज्या खेळानं ‘तुमचा माणूस तुम्हीच घडवा’ असं वचन दिलं, त्यानंच ते शेवटपर्यंत पाळायचं.

प्रश्न : या खेळांत आपल्यासारखी दिसणारी माणसं का नसतात?

बनवणारे ज्यांना रोज पाहतात, त्यांचे चेहरे यादीत येतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ चा. त्यात न्हाव्याचं दुकान २००८ साली आलं. पण माणसांचे रंग आणि चेहरेपट्टी खऱ्या जगाइतकी विविध करायला त्यांनी २०२० उजाडू दिलं. यादी कुणीतरी लिहिलेली असते, ताई, म्हणून ती वाढवताही येते. इथल्या पोरांपैकी कुणी हे काम शिकलं, तर पहिल्यांदा त्यानं आपल्या आजीच्या कपाळावरचं गोंदण नीट बघून काढावं. आणि ते का, कधी गोंदलं, हे तिला विचारून घ्यावं.