ऋग्वेदांतील अश्व व शिवालिकचा अश्मीभूत घोडा

प्राचीन वस्तूंच्या संशोधनास पुराजीवशास्त्राचें साहाय्य घ्यावें, याविषयीं आतां विद्वानांत मतभेद नाहीं. प्रश्न आहे तो तें कसें घ्यावें याचा. ऋग्वेदकालीन अश्वाच्या चर्चेंत कित्येक लेखक या शास्त्राचा जो उपयोग करितात, तो आमच्या मतें सदोष आहे. सबब त्याचें परीक्षण येथें करीत आहों.

पूर्वपक्ष असा : ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १६२ व्या सूक्तांत यज्ञीय अश्वाच्या ३४ बरगड्या सांगितल्या आहेत. मध्य आशियांतील घोड्यास ३६ असतात. शिवालिकच्या टेकड्यांतील 'इक्वस सिवालेन्सिस' हा मात्र १७ जोड्यांचा होता. म्हणून वेदांतील अश्व त्याचा वंशज, अर्थात् येथलाच. हा युक्तिवाद एके काळीं आम्हांसही पटला होता, व वर्गांत विद्यार्थ्यांस तो आम्हीं सांगितलाही, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु तो टिकत नाहीं. घोड्यास बरगड्यांच्या जोड्या सामान्यतः १८ असल्या, तरी १७ व १९ जोड्यांचे घोडेही आढळतात. तेव्हां संख्येवरून जाति ठरत नाहीं. दुसरें, शिवालिकची ही जाति फाल्कनर व कॉटले यांनीं कवटी व दांत यांवरून ठरविली आहे. कवटीवरून बरगड्या मोजतां येत नाहींत. तिसरें, ज्या पिंजोर थरांत हे अवशेष सांपडतात, ते सुमारे २६ लाखांपासून ६ लाख वर्षांपूर्वींपर्यंतचे आहेत. तेथून वेदकालापर्यंतचे दुवे कोणीं दाखविलेले नाहींत. दोन पोथ्यांत एक पाठ सारखा दिसला, एवढ्यावरून एक दुसरीची नक्कल असें कोणी म्हणेल काय? मग हाडांच्या बाबतींत ही सवलत कां?

या शास्त्राचा योग्य उपयोग कसा होतो, तें स्वतः फाल्कनरच्याच चरित्रांत दिसतें. १८५८ सालीं इंग्लंडांत ब्रिक्सहॅम येथील गुहेचें उत्खनन विल्यम पेंगेली यानें केलें, त्यामागें फाल्कनरचीच प्रेरणा होती. गुहेच्या भूमीवर चुनखडीचा अभंग थर होता. त्याखालीं नष्ट झालेल्या प्राण्यांचीं हाडें व मनुष्यानें घडविलेलीं गारेचीं हत्यारें एकत्र मिळालीं. मनुष्य त्या प्राण्यांचा समकालीन होता, हें मत १८५९ सालीं तेथील विद्वानांत मान्य होऊं लागलें. येथें पुराव्याचें बळ प्राण्याच्या नांवांत नव्हतें. तें थर न मोडतां खोदण्यांत व प्रत्येक वस्तूचें स्थान टिपण्यांत होतें.

आमच्या विषयाशीं निकटचें उदाहरण कच्छांतील सुरकोटडा या हडप्पाकालीन स्थळाचें. तेथें घोड्याचीं हाडें सांपडल्याचें ए. के. शर्मा यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. हंगेरीचे तज्ज्ञ शांडोर बोकोनी यांनीं तीं पाहून पाळीव घोड्याचींच असल्याचा निर्णय दिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९९७ सालीं छापला गेला. त्याच वर्षीं मीडो व पटेल यांनीं त्याच्या निश्चिततेविषयीं शंका घेतली. कच्छच्या रणांत आजही रानगाढव, म्हणजे घुडखर, वावरतो. त्याचीं व घोड्याचीं हाडें इतकीं सारखीं, कीं सुट्या तुकड्यांवरून निवाडा कठीण. वाद मिटलेला नाहीं. तरी तो मोजमापांवर चालला आहे, आणि मोजमापें पुनः तपासतां येतात. म्हणून या वादास आम्हीं बरगड्यांच्या गणितापेक्षां अधिक मान देतों.

वेदांची थोरवी घोड्याच्या बरगड्यांवर अवलंबून नाहीं. ज्यांस ती तशी वाटते, ते नकळत वेदांसच दुर्बळ करितात. वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं अशीं हाडें वा अश्मीभूत दांत असतील, त्यांस आमची एवढीच विनंती, कीं पोथी कोठें, कोणाकडून, कोणत्या स्थितींत मिळाली हें जसें टिपून ठेवितां, तसेंच येथेंही टिपावें. ठावठिकाणा नसलेलें हाड हें पुष्पिका फाडून टाकलेल्या पोथीसारखें आहे. त्यास कोणीही हवें तें साल चिकटवूं शकतो.