सापांच्या तक्त्यात काय नाही?

दीपनगरला एका वर्गात सापांचा तक्ता पाहिला. असे तक्ते आपल्या अनेक शाळांत असतात. वरच्या ओळीत 'विषारी' म्हणून नाग, मण्यार, घोणस व फुरसे. खालच्या ओळीत 'बिनविषारी' म्हणून धामण, दिवड, कवड्या. चित्रे सुबक, नावे अचूक. तरीही हा तक्ता अपुरा आहे आणि त्याचा अपुरेपणा जिवावर बेतू शकतो.

नाग आणि मण्यार एकाच कुळातले. दोघांचेही विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. यावरून दोघांचा धोका सारखाच, असे विद्यार्थ्याला वाटेल. प्रत्यक्षात नाग फणा काढून इशारा देतो आणि त्याचा दंश सहसा दुखतो, सुजतो. मण्यार दिवसा मंद असते, म्हणून 'गरीब' वाटते. रात्री मात्र जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. हा दंश अनेकदा जाणवतही नाही. शिवाय तिच्या विषातील काही घटक चेतातंतूंची टोकेच निकामी करतात. झालेली इजा प्रतिविषाने भरून निघत नाही; रुग्णाला कधीकधी काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. म्हणजे हाताळायला सोपी वाटणारी मण्यार अधिक फसवी.

घोणस व फुरसे या नातेवाइकांचेही तसेच. दोघांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. पण घोणस जाडजूड, मोठ्याने फूत्कारणारी. फुरसे वीतभर-हातभर, दगडाखाली दडणारे व अत्यंत चपळ. 'लहान म्हणून कमी धोक्याचे' हा समज येथे घातक ठरतो.

खालच्या ओळीतला कवड्याही नुसता 'बिनविषारी' म्हणून सोडून चालणार नाही, कारण तो मण्यारीसारखा दिसतो. सामान्यतः कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात व शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे याउलट. पण ही खूण पाहण्यासाठी साप उचलायचा नसतो, हेही तक्त्याने सांगायला हवे.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे मण्यार एकच दाखवली आहे. महाराष्ट्रात सिंध मण्यारही आढळते. साध्या मण्यारीच्या अंगाच्या मध्यभागी खवल्यांच्या १५ रांगा असतात, हिच्या १७ किंवा १९. लांबून हा फरक कळत नाही. हिच्या दंशाने महाराष्ट्रात झालेल्या गंभीर विषबाधेची नोंद २०१२ साली प्रसिद्ध झाली. आपले प्रतिविष वरच्या चार सापांच्या विषांपासून बनते. त्यांत साधी मण्यार आहे, सिंध मण्यार नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ साली दाखवून दिले, की चौघांपलीकडच्या अशा दुर्लक्षित सापांच्या विषांपुढे बाजारातील प्रतिविषे अपुरी पडतात. विष उतरवणारे औषध आहे, या भरवशावर साप धरणाऱ्या हौशी तरुणाला हे ठाऊक असायला हवे.

तक्ता फाडून टाका, असे मी म्हणत नाही. त्याशेजारी एक कागद चिकटवा व मुलांकडून चार रकाने भरून घ्या : साप केव्हा हिंडतो, इशारा देतो का, दंश कसा कळतो, कोणासारखा दिसतो. खाली ठळक लिहा : साप धरू नये. चावल्यास कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या पोटात पहाटे दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नये.