झाडं मोजली, रातथारा राहिला

रिसर्च प्रपोजल घेऊन गेलात की गाईड हमखास विचारतात, "तुमच्या मोजमापाचं एकक काय?" आज हाच प्रश्न आपण एका कायद्याला विचारू. कायदाही पेपरसारखा वाचता येतो. तो काय मोजतो आणि काय मोजायचं सोडून देतो, एवढंच बघायचं.

महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज दर्जा दिला. असं झाड तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट घातली. जुनं झाड तोडणं महाग केलं, ही दुरुस्तीची जमेची बाजू. पण हिशेब बघा: साठ वर्षांचा वड गेला, साठ रोपं आली. कागदावर चक्क नफा!

आता तोच वड संध्याकाळी बघा. दिवसभर गावभर पांगलेल्या साळुंक्या, कावळे, पोपट अंधार पडायच्या आत ठरलेल्या झाडांवर जमतात. हा रातथारा. इथे घरटं नाही, अंडी नाहीत, फक्त रात्रीचा सामूहिक मुक्काम. शेकडो पक्ष्यांना एकत्र सामावणारा पर्णसंभार साठ रोपांची बेरीज करून मिळत नाही. त्याला काही दशकं जावी लागतात. कायद्याचं एकक झाड आहे, पक्ष्यांचं एकक जागा आणि थवा. इथेच गणित चुकतं.

दुसरी अडचण वेळेची. पाहणी दिवसा झाली तर रातथारा रिकामाच दिसणार. भोरड्यांचं उदाहरण घ्या. हिवाळ्यात त्यांचे प्रचंड थवे आपल्याकडे मुक्कामाला असतात, मे-जूनमध्ये त्या मध्य आशियाकडे घरटी करतात. उन्हाळ्यात पाहणी केली की अहवालात 'पक्षी आढळले नाहीत' असं येतं, आणि ते खोटंही नसतं!

तिसरी अडचण घरट्याची. २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी झाड पाडलं, घरट्यांतली पिल्लं मेली, तेव्हा वन खात्याने गुन्हा नोंदवला. कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. रातथाऱ्याचा तसा उल्लेख नाही.

आता आपल्या बाजूचीही झाडाझडती घेऊ. झाड पडलं की 'हजारो पक्षी बेघर' अशा पोस्ट फिरतात. हजारो कोणी मोजले? तोडीआधीचा आकडा नसेल तर तुम्ही परिणाम सांगत नाही, हळहळ सांगता. हळहळ खरी असते, पण सुनावणीत टिकत नाही.

शिवाय परिणाम म्हणजे नेमकं काय, हे गृहीतकावर ठरतं. पक्षी ऊब आणि शत्रूपासून संरक्षण मिळावं म्हणून जमत असतील, तर शेजारचं दाट झाड काही अंशी चालून जाईल. पण १९७३ मध्ये पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी यांनी वेगळी कल्पना मांडली: रातथारा हे माहितीचं केंद्र आहे. ज्यांना अन्न सापडलं नाही ते सकाळी पोट भरून आलेल्यांच्या मागे जातात. यावर पुढे भरपूर वाद झाला. मात्र ती खरी धरली, तर थवा फुटणं हेच मोठं नुकसान. सगळे पक्षी जिवंत असले तरीही. म्हणून नुसती संख्या नको, थवा एकत्र राहिला की पाच जागी विखुरला, हेही टिपा.

तुमच्या भागात झाडाला तोडीची नोटीस लागली, तर हातात मोजकेच दिवस असतात. त्याच संध्याकाळी सूर्यास्ताच्या तासभर आधी उभे राहा. एकाच जागेवरून, दर पाच मिनिटांनी, जातीनुसार येणारे पक्षी मोजा. सलग तीन-चार संध्याकाळी मोजा. न तोडल्या जाणाऱ्या दुसऱ्या रातथाऱ्यावर मित्राला उभं करा. तो तुमचा कंट्रोल. तो नसेल तर घट तोडीमुळे झाली की ऋतू बदलल्यामुळे, हे सांगता येणार नाही. आकडे हरकतीच्या अर्जाला जोडा.

झाड कदाचित तरीही जाईल. पण मग तिथे काय होतं, याची नोंद कुठेतरी असेल.