पहिला अंक

सांगलीकर माणूस नाटकाला नावे ठेवल्याशिवाय घरी परतत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथेच केले. तेव्हापासून हा हक्क आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. म्हणून महाबळेश्वरच्या मुंबई पॉइंटवरील सूर्यास्ताचे परीक्षण लिहिले, तर कृपा करून आगाऊपणा समजू नये.

गाडी पसरणीचा घाट चढू लागली तेव्हाच सौ.ने बजावले, "अहो, निदान तिथे तरी चुका काढू नका." पण चुका असल्या तर मी काय करू? नेपथ्य उत्तम. नायक मात्र शेवटचा प्रवेश घाईघाईत उरकतो, आणि प्रेक्षक त्याच्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. मक्याची कणसे तेवढी वेळेवर आली.

खरा प्रयोग दुसऱ्या दिवशी, क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात. दगडी गोमुखातून धार पडत होती. पाच नद्यांचे जॉइंट अकाउंट! त्यात आमची कृष्णा. पहिल्या अंकात कसली बापुडवाणी दिसते हो! हीच बाई २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, आमच्या तळमजल्यात शिरली आणि लग्नाचा आल्बम घेऊन गेली. एवढ्याशा ठेवीवर एवढे व्याज? बँकेत वीस वर्षे काढली, पण हा हिशेब काही जुळेना.

सौ.ने धारेखाली ओंजळ धरली. बराच वेळ काही बोलली नाही.

"नमस्कार करा की," मग म्हणाली, "ओळखीची आहे."

मी केला.