अपूर्ण घनांची रूपावली

अमेरिकन शिल्पकार सोल लविट (१९२८–२००७) यांची अपूर्ण घनांवरील मांडणी १९७४ सालची असून ती सॅन फ्रान्सिस्को येथील आधुनिक कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. बसक्या चौथऱ्यावर १२२ लहान पांढरे सांगाडे ओळीने मांडलेले आहेत; जोडीला त्यांची छायाचित्रे व रेखाचित्रे. ‘हे गणित झाले, यात कला ती कोणती?’ हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात प्रथम उठतो. प्रस्तुत लेखकाच्याही मनात तो उठला.

कृतीचे नियम थोडके आहेत. घनाच्या १२ कडांपैकी काही गाळावयाच्या; उरलेल्या परस्परांशी जोडलेल्या असाव्यात, मात्र त्या सर्व एकाच प्रतलात नसाव्यात. फिरवून जुळणारी रूपे एकच मानावयाची, प्रतिबिंबरूपे भिन्न. या नियमांनी ३ कडांची ३ रूपे सिद्ध होतात, ७ कडांची सर्वाधिक म्हणजे ३२, आणि ११ कडांचे एकच.

रोझलिंड क्राउस यांनी १९७८ साली ‘ऑक्टोबर’ या नियतकालिकात असे प्रतिपादिले की, ही बुद्धीची शिस्त नसून गणनेचा ध्यास आहे. बेकेटच्या ‘मॉलॉय’मधील खडे चोखण्याच्या हिशेबाशी त्यांनी तिचे नाते जोडले. हे मत मार्मिक असले तरी त्यात नियमांच्या स्वरूपाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आम्हांस वाटते. केवळ मोजण्याचाच ध्यास असता तर विलग किंवा सपाट रूपे वगळण्याचे कारण नव्हते. ती वगळल्यामुळे लांबी, रुंदी व उंची दाखवणारी किमान एकेक कड प्रत्येक रूपात राहते, आणि पाहणाऱ्यास संपूर्ण घन निःसंदिग्धपणे उभा करता येतो. म्हणजे हे नियम गणिताने लादलेले नव्हेत, ते बोधाचे आहेत. पाणिनीय परंपरेत लोप म्हणजे निव्वळ अभाव नव्हे; जे तेथे प्रसक्त आहे त्याचे न दिसणे होय. येथील गाळलेल्या कडाही याच अर्थाने लुप्त आहेत. प्रतिबिंबे भिन्न मानण्यातही हेच तत्त्व दिसते: वस्तू हातात घेऊन फिरवता येते, उलटी प्रतिबिंबित करता येत नाही.

मात्र या कृतीस ‘व्याकरण’ म्हणण्याचा मोह टाळावा. चॉम्स्की यांच्या १९५७ मधील ग्रंथापासून व्याकरण म्हणजे परिमित नियमांतून अनंत वाक्ये, अशी कल्पना रूढ झाली आहे. येथे १२२ नंतर काहीच नाही. ही रूपावली आहे. आणि रूपावलीचा आनंद नवनिर्मितीचा नसतो, एकही घर रिकामे न राहण्याचा असतो.

तरीही चौथऱ्याभोवती फिरताना ही रूपावली स्थिर राहत नाही. मागच्या सांगाड्याची कड पुढच्याच्या रिकाम्या जागी येऊन बसते आणि लोप क्षणभर भरून निघतो. दोन पावले सरकताच तो पुन्हा उघडा पडतो. पदे संधीत मिसळावीत तसे हे घडते. त्यामुळे प्रथमदर्शनी पुनरुक्त वाटणारी रेखाचित्रे अनावश्यक ठरत नाहीत: चौथरा ही संहिता, रेखाचित्रे हा पदपाठ. गणिताने केवळ पदपाठ दिला असता. संहिता घडते ती पाहणाऱ्याच्या चालण्यात, आणि या कृतीचे कलापण आम्हांस तेथेच आढळते.